क्रॉमफर्ड : शिशाच्या खाणीच्या पाण्यावर उभे राहिलेले गिरणीचे गाव

चाती

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात, डरवेंट नदीच्या खोऱ्यात क्रॉमफर्ड नावाचे लहानसे गाव आहे. सूतगिरण्यांचा इतिहास सांगताना रिचर्ड आर्कराइट आणि त्याचे कताईयंत्र यांच्याबरोबर या गावाचे नाव ओझरते येते, आणि पुढच्याच वाक्यात लेखक मँचेस्टरला पोहोचलेला असतो. मला मात्र त्या गावापाशीच थांबायचे आहे. माझे म्हणणे असे, की क्रॉमफर्डला यंत्र आणणे हे त्या मानाने सोपे काम होते. खरी अडचण माणसे आणण्याची आणि आणलेली टिकवण्याची होती. या गावात पहिल्या वीस वर्षांत जे जे बांधले गेले, त्यातले बहुतेक सगळे त्या एका अडचणीपायी बांधले गेले.

आर्कराइटचा जन्म १७३२ चा, प्रेस्टनचा. धंद्याने तो न्हावी, आणि पुढे केसांचे टोप करणारा. टोपांसाठी केस विकत घेत तो गावोगाव हिंडे. वॉरिंग्टनच्या जॉन के नावाच्या घड्याळजीला हाताशी धरून त्याने रुळांच्या जोड्यांमधून कापूस ओढून सूत काढणारे यंत्र तयार केले आणि १७६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. नॉटिंगहॅमला मोजे विणण्याचा मोठा धंदा असल्यामुळे पहिली गिरणी त्याने तिथे काढली. ती घोड्यांवर चालत असे. पण घोडे खातात, थकतात आणि ठराविक वेळाने बदलावे लागतात. जेडेडाया स्ट्रट आणि सॅम्युअल नीड हे मोज्यांच्या धंद्यातले दोन सधन भागीदार मिळाल्यावर त्याने पाण्याचा शोध सुरू केला, आणि ऑगस्ट १७७१ मध्ये क्रॉमफर्डची जागा २१ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, वर्षाला १४ पौंड भाड्यावर घेतली.

क्रॉमफर्डच का? डरवेंटसारखी भरपूर पाण्याची नदी शेजारून वाहत असताना आर्कराइटने पहिली गिरणी तिच्यावर बांधली नाही, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला चमत्कारिक वाटले होते. मोठी नदी अडवायला मोठा बंधारा लागतो आणि ती पुरात तो घेऊनही जाते, असे त्याचे कारण असावे. त्याने घेतले ते दोन लहान प्रवाह. एक बॉन्सॉल ओढा. दुसरा म्हणजे क्रॉमफर्ड सफ. ‘सफ’ हा त्या भागातल्या खाणकामगारांचा शब्द. शिशाच्या खाणीत साठणारे पाणी उपसून काढण्याऐवजी डोंगराच्या पोटातून उताराने बाहेर वाहून जावे म्हणून खणलेला भुयारी पाट म्हणजे सफ. हा पाट सतराव्या शतकातला, म्हणजे गिरणीच्या कितीतरी आधीचा. जमिनीच्या पोटातून येणारे त्याचे पाणी बारमाही होते, आणि किंचित कोमट असल्याने कडक थंडीतही गोठत नसे. ज्या देशात हिवाळ्यात ओढे थिजून पाणचक्क्या बंद पडत, तिथे ही केवढी सोय होती याची कल्पना करावी.

म्हणजे पाणी मिळाले. पण माणसे? डिसेंबर १७७१ मध्ये डर्बीच्या वृत्तपत्रात या गिरणीची जाहिरात आली. दाते आणि चक्रे यांचे काम जाणणारे दोन घड्याळजी, घडाई आणि कानशीकाम येणारा एक लोहार आणि चाके करण्याची सवय असलेले दोन लाकूड-कातारी ताबडतोब हवे होते. आसपासच्या विणकरांना चांगले काम मिळेल असे पुढे म्हटले होते, आणि सर्वांत शेवटी बायका-मुलांना रोजगार व चांगली मजुरी देण्याचे आश्वासन होते. कारागीर मोजून मागितले आहेत, बायका-मुलांचा मात्र आकडाच दिलेला नाही. जितकी येतील तितकी हवी होती. दहा वर्षांनंतरच्या, १७८१ च्या जाहिरातीत तर ‘मोठी कुटुंबे असलेले’ विणकर हवेत असे सरळच लिहिले आहे. विणकर हे निमित्त होते. गिरणीला त्याची पोरे हवी होती.

ती राहणार कुठे, याचे उत्तर नॉर्थ स्ट्रीट. १७७६ च्या सुमारास बांधलेल्या समोरासमोरच्या दोन रांगा, दगडी, तिमजली घरे. खाली राहण्याची खोली, मधल्या मजल्यावर निजण्याची, आणि सर्वांत वर एक कामाची खोली. रस्त्यात उभे राहून वर पाहिले की फरक लगेच दिसतो: खालच्या मजल्यांना साध्या खिडक्या आहेत, तर वरच्या मजल्याची खिडकी आडवी लांबलचक, कप्प्याकप्प्यांची आहे, कारण मागावर किंवा मोजे विणण्याच्या यंत्रावर बसणाऱ्याला दिवसभर उजेड हवा. बाप वर विणणार, बायको-मुले खाली गिरणीत कातणार. कुटुंबाची अशी वाटणी घराच्या दर्शनी भिंतीवरच दिसते.

काठावरचा

लेख आवडला, पण एक दुरुस्ती सुचवतो. आपल्या मांडणीवरून असे वाटते, की आर्कराइट येण्यापूर्वी क्रॉमफर्ड जवळजवळ ओसाड होते. तसे नव्हते. गाव विस्कळीत होते, मोठी बाजारपेठ नव्हती, रस्ते वाईट होते, हे सगळे खरे. पण हा शिशाच्या खाणींचा मुलूख होता आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या खाणकाम चालत आले होते. आपणच ज्या सफचा उल्लेख केला आहे, ती खणणारी माणसे आकाशातून पडली नव्हती.

उलट मला वाटते, आर्कराइटने जागा निवडताना पाण्याइतकाच याही गोष्टीचा विचार केला असावा. खाणीत पुरुष उतरत. बायका-मुले वर खनिज फोडण्याचे आणि धुण्याचे काम करीत, पण ते काम खाणीला माल लागेल तेव्हाच. आणि खाणीचा धंदा म्हणजे आज शिरा लागली तर चार पैसे, उद्या कोरडा दगड. अशा घरांत दर आठवड्याला ठराविक मजुरी आणणारे काम बायका-मुलांना मिळणे ही मोठीच गोष्ट होती. तेव्हा माणसे नव्हती असे म्हणण्यापेक्षा, जी हवी होती ती घराघरांत होती, फक्त पुरेशी नव्हती, असे म्हणावे.

चाती

दुरुस्ती मान्य. ‘ओसाड’ हा शब्द मी वापरला नसला तरी लेखाचा सूर तसाच लागला आहे. मात्र ‘पुरेशी नव्हती’ हे आपले शब्द माझ्या मुद्द्याला पूरकच आहेत. दुसरी, अधिक मोठी गिरणी १७७६ मध्ये उभी राहिली आणि नॉर्थ स्ट्रीटही त्याच सुमारास बांधली गेली. पहिली गिरणी आसपासच्या खाणकामगारांच्या घरांवर भागली. दुसरीसाठी बाहेरून माणसे आणावी लागली.

रूळ_आणि_वजन

घड्याळजी का हवे होते, हे नीट समजायचे तर यंत्र समजून घ्यावे लागेल. थोडे विषयांतर वाटेल, पण नाही.

पिंजलेल्या कापसाचा एक पेळू दोन्ही हातांच्या चिमटीत धरावा आणि हळूच ओढावा. चिमट्यांमधले अंतर कापसाच्या तंतूच्या लांबीपेक्षा कमी असेल, तर तेच तंतू दोन्हीकडून पकडले जातात. पेळू ताणला जात नाही, आणि जोर केला तर तंतू तुटतात. अंतर फार वाढवले तर मधले तंतू कोणाच्याच पकडीत राहत नाहीत, आणि पेळू कुठे जाड, कुठे बारीक होत शेवटी सुटतो. तंतूच्या लांबीहून किंचित जास्त अंतरावर मात्र तो लोण्यासारखा एकसारखा लांबतो. हातावर कातणाऱ्या बाईच्या बोटांना हे अंतर न मोजता कळते. यंत्राला ते सांगावे लागते.

रुळांच्या जोड्यांनी कापूस ओढण्याची कल्पना आर्कराइटची नव्हे. लुईस पॉल आणि जॉन वायट यांनी तिचे पेटंट १७३८ मध्येच घेतले होते आणि तिच्यावर गिरण्याही काढल्या होत्या, पण त्या चालल्या नाहीत. आर्कराइटच्या यंत्रात रुळांच्या जोड्या एकामागोमाग एक, प्रत्येक पुढची जोडी मागचीहून जलद फिरणारी. त्यांच्यातले अंतर तंतूच्या लांबीला जुळवलेले. आणि वरचा रूळ खालच्यावर घट्ट बसावा म्हणून त्याला टांगलेली वजने. या गती एकमेकींशी अचूक प्रमाणात राहायच्या तर चक्रांचे दाते अचूक हवेत, आणि अठराव्या शतकात अचूक दाते पाडणारा माणूस म्हणजे घड्याळजी. म्हणून त्या जाहिरातीत पहिला मान त्याचा.

पुढे पेटंटावरून खटले झाले. जून १७८५ च्या खटल्यात खुद्द जॉन के आणि थॉमस हाइज नावाचा दुसरा एक कारागीर यांनी कल्पना मूळची हाइजची असल्याची साक्ष दिली, आणि आर्कराइटचे १७७५ मध्ये घेतलेले दुसरे पेटंट रद्द झाले. कल्पना कोणाची यावर मी वाद घालणार नाही. पण अंतर आणि वजन जुळवून ते यंत्र वर्षानुवर्षे चालवून दाखवले ते क्रॉमफर्डने.

उभा_आडवा

एक शंका. वरच्या मजल्यावर विणकर बसवण्याची एवढी तजवीज कशासाठी? सूत गिरणीत काढायचे आणि मोज्यांच्या धंद्याला नॉटिंगहॅमला विकायचे, एवढ्यावर धंदा भागला नसता का?

चाती

काही काळ तोच बेत होता. पण आर्कराइटच्या यंत्रावर निघणारे सूत पीळदार आणि मजबूत असे, म्हणजे नेमके ताण्याला, उभ्या धाग्याला, लागते तसे. तोपर्यंत इंग्लंडमध्ये ज्याला सुती कापड म्हणत, त्यात बहुधा फक्त बाणा, म्हणजे आडवा धागा, कापसाचा असे. उभा धागा जवसाच्या तंतूचा, लिननचा, कारण तिथले हातसूत मागावरचा ताण सोसत नसे. हिंदुस्थानी कापड मात्र ताणा-बाणा दोन्ही कापसाचे होते आणि त्यापुढे इंग्लंडच्या लोकर-रेशीमवाल्यांचे चालेना. म्हणून १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड वापरण्यावर बंदी आली होती. ही बंदी हिंदुस्थानी मालासाठी घातलेली, पण पन्नास वर्षांनी तिचा फटका देशातल्याच गिरणीला बसू लागला: क्रॉमफर्डच्या सुताचे निव्वळ सुती कापड विणले तर ते त्याच कचाट्यात सापडे. आर्कराइट आणि त्याच्या भागीदारांनी पार्लमेंटकडे अर्ज केला, आणि १७७४ मध्ये ब्रिटनमध्ये बनलेल्या पूर्ण सुती कापडाला मोकळीक मिळाली. बाहेरच्या मालावरची अडवणूक तशीच राहिली, हे सांगायला नकोच.

आता सालांकडे पाहावे. १७७४ मध्ये कायदा, १७७६ मध्ये दुसरी गिरणी आणि विणकरांची घरे. गावाचा विस्तार त्या कायद्याच्या पाठोपाठ झाला आहे.

जुनी_पाळी

घरे, खिडक्या, ओढे हे सगळे ठीक आहे, पण गिरणीत काम कोण करीत होते ते एका ओळीत आटोपू नये, अशी माझी विनंती आहे. सुरुवातीच्या वर्षांत तिथे सात वर्षांची मुले कामाला घेत. किमान वय दहापर्यंत गेले ते नंतर. बारा तासांच्या दोन पाळ्या, एक दिवसाची आणि एक रात्रीची. १७९० मध्ये तिथे आलेल्या जॉन बिंग नावाच्या प्रवाशाने संध्याकाळी सात वाजता तरुण पोरांचा लोंढा गिरणीतून बाहेर पडताना आणि दुसरा लोंढा रात्रीसाठी आत जाताना पाहिला. या गिरण्या कधी थांबतच नाहीत अशी त्याची नोंद आहे. डर्बीचा चित्रकार जोसेफ राइट याने त्याआधी काही वर्षे या गिरण्यांचे रात्रीचे चित्र काढले आहे. काळोख्या दरीत, चांदण्या आभाळाखाली, मजल्यामजल्यांवर उजळलेल्या खिडक्यांच्या रांगा. चित्र सुंदर आहे, यात शंका नाही. पण त्यातल्या प्रत्येक उजळलेल्या खिडकीमागे नऊ-दहा वर्षांचे एखादे पोर तुटलेला धागा जोडत उभे होते, हे मनात आले की त्या चित्राकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही.

धागा जोडणे म्हणजे काय तेही सांगते. सूत तुटले की रूळ कापूस सोडतच राहतात. चाती, म्हणजे सुताला पीळ देणारी फिरती दांडी, थांबवायची, तुटलेले टोक शोधायचे, रुळातून येणाऱ्या कापसाला ते बोटांनी पीळ देऊन चिकटवायचे आणि चाती सोडायची. काम हलके, पण नजर बारा तास हलवायची नाही. ‘मुलांची बोटे बारीक असतात म्हणून’ असे कारण सर्रास दिले जाते. मला ते नेहमीच सोयीचे वाटत आले आहे. बारीक बोटांपेक्षा कमी मजुरी जास्त उपयोगाची होती.

काठावरचा

जुनी_पाळी यांच्याशी मी सहमत आहे. मात्र तुलना करताना एक फरक लक्षात ठेवावा. त्या काळच्या अनेक गिरण्या लांबच्या शहरांतल्या अनाथ आणि निराधार मुलांना गाड्या भरभरून आणीत आणि करारावर वर्षानुवर्षे बांधून ठेवीत. क्रॉमफर्डची भिस्त त्या मुलांवर नव्हती; तिथली मुले आई-बापांच्या घरी राहत. १८०२ चा पहिला गिरणी-कायदा झाला तो मुख्यतः करारावरच्या मुलांसाठी, आणि सूतगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यास मनाई होण्यासाठी १८१९ उजाडावे लागले. मुले घरी राहत म्हणून काम हलके होत नव्हते, हे खरे. पण गाव घडण्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे: करारावरच्या मुलांसाठी एक लांबलचक निजघर बांधून भागते, कुटुंबांसाठी गल्ली बांधावी लागते.

जुनी_पाळी

फरक मान्य आहे. तरी एक विचारते. घर मालकाचे, काम मालकाचे आणि पोरांचीही मजुरी त्याच दारातून येणारी. बापाने तोंड उघडले तर एका दिवसात तिन्ही जातील. अशा घराला बांधून ठेवायला कराराचा कागद लागतो कुठे?

दगडी_भिंत

जुनी_पाळी यांच्या या प्रश्नाला जोडूनच सांगतो. क्रॉमफर्डच्या जुन्या गिरणीचे आवार रस्त्यावरून पाहिले तर ते गिरणीपेक्षा गढीसारखे वाटते. रस्त्याकडच्या भिंतीला खालच्या मजल्यांवर खिडक्या नाहीत आणि आत जायला एक दरवाजा आहे. उजेडासाठी खिडक्यांवर एवढा खर्च करणाऱ्या माणसाने ही बाजू आंधळी ठेवली, त्यामागे भीती होती.

ती निराधारही नव्हती. ऑक्टोबर १७७९ मध्ये लँकेशायरमधल्या चॉर्लीजवळच्या बर्केकर इथली आर्कराइटची गिरणी जमावाने उद्ध्वस्त केली. धंदा मंदावलेला होता, आणि घरोघर कातणाऱ्यांना मोठी यंत्रे आपल्या पोटावर पाय देतात असे वाटत होते. जमाव सरसकट मोडतोड करीत नव्हता. घरात चालणारी, चोवीस किंवा त्याहून कमी चात्यांची हातयंत्रे त्यांनी सोडून दिली आणि त्याहून मोठी फोडली. इतके मोजूनमापून वागणाऱ्या लोकांना नुसते ‘दंगेखोर’ म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

क्रॉमफर्डवरही हल्ला होईल या धास्तीने तिथे तयारी झाली. त्या वेळच्या वृत्तान्तांत १५०० बंदुकांचा, तोफांचा आणि काठ्यांना बसवलेल्या भाल्यांचा उल्लेख येतो, आणि हाक मारली तर तासाभरात हजारो खाणकामगार गोळा होतील असेही म्हटले आहे. आकड्यांत बढाई असेल. कोणीच चालून आले नाही, त्यामुळे तोफा वाजल्या नाहीत. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे, की लँकेशायरमध्ये कष्टकऱ्यांनी गिरणी फोडली आणि इथे कष्टकरीच गिरणी राखायला उभे राहणार होते. माणसे दोन्हीकडे सारखीच गरीब होती. फरक इतकाच, की लँकेशायरमध्ये घरातली कताई गिरणीने हिरावून घेतली होती, तर क्रॉमफर्डमध्ये खाणकामगाराच्या घरात आठवड्याची मजुरी त्याच गिरणीतून येत होती.

चाती

दगडी_भिंत यांनी मांडलेली ही तुलना मला सुचली नव्हती. जुनी_पाळी यांच्या प्रश्नाचे उत्तरही काही अंशी यातच आहे. बंधन होते, पण नुसत्या बंधनाने माणूस भाला घेऊन मालकाच्या गिरणीच्या दारात उभा राहत नाही. काही देणे-घेणेही होते.

ते कसे होते पाहू. १७७८ मध्ये बाजारचौकात ग्रेहाउंड ही खानावळवजा धर्मशाळा, तिथल्या भाषेत ‘इन’, उभी राहिली. गावाच्या मानाने ती भलतीच ऐसपैस आहे. माल घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांची सोय झाली आणि गिरणीतल्या माणसांच्या नाचगाण्याच्या मेजवान्याही तिथे होत. चांगले काम करणाऱ्यांना दुभत्या गाई बक्षीस दिल्याचीही नोंद आहे. १७८५ मध्ये रविवारची शाळा निघाली. मग १७९० मध्ये दर शनिवारी बाजार भरवण्याची परवानगी मिळाली. बाजाराची गंमत अशी, की नुसती परवानगी मिळून भागत नाही, विकणारे यायला हवेत. बिंग उतरला तेव्हा त्याने ग्रेहाउंडमध्ये लावलेली एक यादी पाहिली. खाटीक, पाववाले वगैरे जे बाजाराला नेमाने येतील त्यांच्यासाठी पलंग, घड्याळे, खुर्च्या अशी बक्षिसे तीत लिहिली होती. आठवडाभर गिरणीत अडकलेल्या बाईला पाव आणि मांस गावातच मिळाले नाही तर ते कुटुंब फार दिवस राहत नाही, हे आर्कराइटने ओळखले होते. दयाळूपणाने केले की हिशेबाने, या प्रश्नात मला फार रस नाही. हिशेब त्याला उत्तम येत होता.

जमिनीची मालकी मात्र त्याला उशिरा मिळाली. क्रॉमफर्डची जहागीर १७७६ मध्ये पीटर नाइटिंगेल या शिशाच्या व्यापाऱ्याने घेतली होती आणि १७८९ मध्ये त्याच्याकडून ती आर्कराइटने विकत घेतली. (परिचारिका म्हणून प्रसिद्ध असलेल्या फ्लॉरेन्सच्या वडिलांना आडनाव आणि इस्टेट मिळाली ती याच पीटरकडून.) तोपर्यंत आर्कराइट ‘सर’ झाला होता आणि परगण्याचा शेरीफही होऊन गेला होता. नदीपलीकडे त्याने विलर्स्ली कासल हा वाडा बांधायला घेतला. राहायला जाण्याआधीच १७९१ मध्ये तो आतून जळाला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये आर्कराइट वारला. वाड्यात राहिला तो त्याचा मुलगा.

उभा_आडवा

कापूस कुठून येई? डर्बीशायरच्या डोंगरात तो पिकत नाही, आणि या चर्चेत अजून त्याचे नावही निघालेले नाही.

काठावरचा

चांगली आठवण केलीत. सुरुवातीच्या काळात इंग्लंडला कापूस मुख्यतः कॅरिबियन बेटांवरून आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून येई, पुढे ब्राझीलमधूनही येऊ लागला. बेटांवरचा आणि ब्राझीलचा कापूस गुलामांच्या श्रमाचा होता. अमेरिकेच्या दक्षिण भागातला कापूस आपण गृहीत धरतो, पण तो मोठ्या प्रमाणात येऊ लागला तो १७९३ नंतर, म्हणजे आर्कराइट गेल्यावर. बंदरातून क्रॉमफर्डपर्यंत गाठोडी वाईट रस्त्यांवरून गाड्यांनी आणि लादू घोड्यांवरून येत. १७९४ मध्ये क्रॉमफर्ड कालवा पूर्ण झाला तेव्हा ही ओढाताण संपली. मात्र त्याच्यावर कापसापेक्षा चुना, दगड, शिसे आणि कोळसा यांचीच वाहतूक जास्त झाली.

रूळ_आणि_वजन

नक्कल झाली त्याबद्दलही दोन ओळी हव्यात. १७८३ मध्ये योहान गॉटफ्रीड ब्र्युगेलमान याने जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळ राटिंगेन इथे याच पद्धतीची गिरणी काढली आणि तिचे नावही ‘क्रॉमफर्ड’ ठेवले. स्ट्रटच्या बेल्पर इथल्या धंद्यात उमेदवारी केलेला सॅम्युअल स्लेटर १७८९ मध्ये अमेरिकेला गेला. यंत्रांचे नकाशे बाहेर नेण्यास बंदी होती, म्हणून त्याने सगळे डोक्यात नेले आणि पुढच्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट इथे तशी यंत्रे पाण्यावर चालवून दाखवली. तिथेही कामाला बसवली ती मुलेच, आणि पुढे कुटुंबेच्या कुटुंबे आणली. यंत्राबरोबर गाव वसवण्याची रीतही गेली, हे चाती यांच्या मुद्द्याला धरूनच आहे.

दगडी_भिंत

पाण्यापासून सुरुवात झाली आहे, तर शेवट कसा झाला तेही सांगून टाकावे. तो माझ्या मते या गावाच्या इतिहासातला सर्वांत विलक्षण भाग आहे.

सफचे गणित साधे असते. ती ज्या पातळीवर डोंगराबाहेर पडते, त्या पातळीच्या वरचे पाणी ती ओढून घेते. त्याखालचे पाणी खाणीत तसेच राहते. खाणी जसजशा खोल जाऊ लागल्या, तसतसा क्रॉमफर्ड सफचा खाणवाल्यांना उपयोग उरेना. त्यांना अधिक खालून पाणी काढणारी वाट हवी होती. मीअरब्रुक सफ या नावाने ती १७७२ मध्येच, म्हणजे गिरणी सुरू होत असतानाच, दूर खाली नदीकाठी खणायला घेतली होती. ती इतकी संथपणे पुढे सरकत होती, की गिरणीत दोन पिढ्या होऊन गेल्या. १८२१ मध्ये आर्कराइटांनी सफचे पाणी रस्त्यावरून पलीकडे गिरणीत नेणारी जुनी पन्हळ काढून तिच्या जागी ओतीव लोखंडाची बसवली. त्यांना ते पाणी कायमचे आपले वाटत होते, याहून वेगळा पुरावा नको.

मग खालच्या पाटाचे काम जवळ येऊन भिडले आणि वरच्या सफचे पाणी आटू लागले. आर्कराइट घराणे कोर्टात गेले. १८३९ मध्ये ‘आर्कराइट विरुद्ध गेल’ या खटल्यात एक्सचेकर न्यायालयाने निकाल दिला तो गिरणीच्या विरुद्ध. न्यायालयाचे म्हणणे असे, की हा नैसर्गिक ओढा नव्हे. खाणीतले पाणी बाहेर टाकण्याच्या तात्पुरत्या गरजेपोटी माणसाने केलेली ती वाट आहे. गिरणीने ते पाणी कितीही वर्षे वापरले असले, तरी खाणवाल्याने ते कायम तिकडेच सोडत राहावे असा हक्क तिला मिळत नाही. कृत्रिम प्रवाहांच्या हक्कांबद्दल बोलताना वकील मंडळी हा निकाल आजही काढतात.

चाती

निकाल मला माहीत होता, पण १८२१ ची पन्हळ आणि १८३९ चा निकाल असे शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

एकच भर घालतो. आर्कराइटला स्वतःला हा धोका दिसला होता की नाही, सांगणे कठीण आहे; पण १७८३ मध्ये मॅसन गिरणी बांधताना त्याने ना ओढा घेतला, ना सफ. ज्या नदीवर बारा वर्षांपूर्वी जाण्याचे टाळले होते, त्या डरवेंटवरच तो थेट गेला. ओढ्याकाठच्या जुन्या आवारातली कताई पाणी गेल्यावर, १८४० च्या दशकात बंद पडली. पुढे तिथे दारूभट्टी आली, धुलाईचा कारखाना आला, शेवटी रंग तयार करण्याचा कारखाना आला. मॅसन मात्र १९९१ पर्यंत चालू होती.